देव मामलेदारांची तिजोरी आणि संशोधनाचा पहिला धडा



मागच्या लेखावर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: "विषय मिळाला, पण सुरुवात कुठून करायची?" याचं उत्तर मला कुठल्याही पुस्तकात सापडलं नव्हतं. ते आमच्या सटाण्याच्या यात्रेत, आजीच्या एका प्रश्नातून सापडलं. म्हणून आज थोडं गावाकडचं सांगते. विषय इतिहासाचा वाटेल, पण विज्ञान शाखेवाल्यांनी लगेच पान बंद करू नका. मीही विज्ञानाचीच आहे, आणि शेवटी गाडी पावसाच्या आकड्यांवरच येणार आहे.

मार्गशीर्षात सटाण्याला देव मामलेदार यशवंतराव महाराजांची यात्रा भरते. पाळणे, मिठाईची दुकानं, दर्शनाची रांग. यात्रा म्हटली की हे सगळं आलंच. पण एक गोष्ट जरा थांबून बघा. हे देऊळ एका सरकारी अधिकाऱ्याचं आहे. ज्या मामलेदाराच्या कचेरीत लोक एरवी नाइलाजाने जातात, त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला लोकांनी देव केलं.

गोष्ट अशी सांगतात. १८७०-७१ च्या सुमारास बागलाणात दुष्काळ पडला. लोक उपाशी मरायला लागले. मामलेदार यशवंतराव भोसेकरांनी आधी स्वतःचं होतं नव्हतं ते वाटलं, आणि मग सरकारी खजिना उघडून पैसे लोकांना देऊन टाकले. प्रचलित कथेत एक लाख सत्तावीस हजार रुपये असा आकडाही येतो. वरिष्ठांकडे तक्रार गेली. गोरा साहेब तपासणीला आला, तिजोरी उघडली, तर रक्कम पैसान्‌पैसा जागेवर!

आजीने ही गोष्ट मला शंभरदा सांगितली असेल. पीएचडीला प्रवेश मिळाल्यावर पहिल्याच वर्षी यात्रेत तिने मला रांगेतच विचारलं, "तू शोध करस ना? मंग हाई खरं शे का?"

मी गप्प. हो म्हटलं तर माझं शिक्षण खोटं, नाही म्हटलं तर आजीची श्रद्धा खोटी. निदान तेव्हा मला तसंच वाटलं होतं. आज कळतं की माझी चूक उत्तरात नव्हती. प्रश्न आहे तसा, अख्खाच्या अख्खा गिळायला निघाले होते, ती चूक होती.

आधी जागा समजून घ्या

कुठलाही दावा तपासायचा तर तो ज्या जागेबद्दल आहे ती जागा आधी कळली पाहिजे.

नाशिक जिल्ह्याच्या उत्तरेला बागलाण तालुका. मुख्यालय सटाणा, आरम नदीकाठी. पश्चिमेला सह्याद्रीची रांग आणि त्यात साल्हेर, १५६७ मीटर, महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला. शेजारी मुल्हेर, मांगी-तुंगी. मोसम आणि आरम या नद्या डोंगरातून निघून पूर्वेला गिरणेकडे जातात. हरणबारी धरण मोसमवर, केळझर आरमवर. तालुका कांद्याचा, द्राक्षांचा, डाळिंबांचा. भाषा घरात अहिराणी आणि शाळेत मराठी.

बागलाण हे नाव जुनं आहे. बागूल राजांचं हे स्वतंत्र राज्य होतं. अकबराच्या काळात अबुल फझलने त्याची नोंद केली, १६३८ मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना ते मोगलांनी घेतलं, १६७२ मध्ये साल्हेरला मराठे आणि मोगल यांची मोठी लढाई झाली. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि हा मुलूख इंग्रजांच्या खानदेशात गेला.

आता इथेच पहिला व्यावहारिक मुद्दा. तालुक्याचं नाव एक, मुख्यालयाचं दुसरं. लोक बोलताना सर्रास "सटाणा तालुका" म्हणतात, सरकारी कागदावर "बागलाण" असतं. इंग्रजी कागदांत तर बागलाणची दोन-तीन स्पेलिंगं सापडतात. तुम्ही शोधपेटीत एकच शब्द टाकून "काही मिळालं नाही" म्हणत असाल, तर ते "नाही" तुमच्या शब्दाचं आहे, विषयाचं नाही. पहिल्या दिवशी एक वही करा आणि तुमच्या ठिकाणाची सगळी नावं, सगळी रूपं त्यात लिहा. हे काम अर्ध्या तासाचं आहे आणि पुढचे सहा महिने वाचवतं.

तालुका म्हणजे न हलणारी चौकट नव्हे

दुसरा मुद्दा जास्त घातक आहे. नाशिक हा जिल्हाच मुळी १८६९ मध्ये झाला. त्याआधी बागलाण खानदेशात होतं. म्हणजे १८६५ सालचा बागलाणचा कागद हवा असेल तर तो "नाशिक" या नावाखाली सापडणारच नाही, तो खानदेशच्या दप्तरात बघायचा. आणि १८७१ चा कागद हवा असेल तर तो नाशिकच्या. सहा वर्षांत पत्ता बदलला!

जुन्या मुंबई गॅझेटियरचा नाशिकचा खंड १८८३ चा आहे. त्यात जिल्ह्याचे १२ तालुके आहेत. आज १५ आहेत. सुरगाणा तेव्हा संस्थान होतं, १९४८ मध्ये ते मुंबई प्रांतात विलीन झालं. देवळा आणि त्र्यंबकेश्वर हे तालुके तर अगदी अलीकडचे. नवा तालुका हवेतून येत नाही, जुन्या तालुक्यांतली गावं काढूनच तो होतो.

मग समजा तुम्ही १८८१, १९५१ आणि २०११ च्या जनगणनेतले एखाद्या तालुक्याचे आकडे शेजारी शेजारी लावले आणि आलेख काढला. आलेख सुंदर दिसेल. पण तो एकाच तालुक्याचा आहे का? नाव तेच, अंगण वेगळं. गावं कमी झाली म्हणून लोकसंख्या "घटली", आणि आपण खाली लिहिणार, "स्थलांतरामुळे". असं झालंय, मी प्रबंधांत पाहिलंय. उपाय कंटाळवाणा आहे पण एकच आहे: तालुक्याचा आकडा सोडा, गावांची यादी करा, आणि तिन्ही वर्षांत जी गावं समान आहेत त्यांचीच बेरीज करा.

कचेरी: एकाच छपराखाली चार दप्तरं

आता कचेरीकडे या. इंग्रज अमदानीत तालुक्याचं सगळं सरकार मामलेदार कचेरीत एकवटलेलं होतं. आज तहसीलदार म्हणतात, पण म्हातारी माणसं अजून "मामलेदार कचेरी"च म्हणतात. त्या एका छपराखाली संशोधकाच्या कामाच्या किमान चार गोष्टी होत्या.

पहिली, खजिना. गावोगावचा पाटील-कुलकर्णी शेतसारा गोळा करायचा, तो कचेरीत जमा व्हायचा आणि तिथून जिल्ह्याच्या खजिन्यात जायचा. म्हणजे मामलेदाराच्या ताब्यात खरोखरची रोकड असायची. तिची आवक, जावक आणि शिल्लक लिहिली जायची.

दुसरी, जमिनीचं दप्तर. कोणाची जमीन, किती आकार, कोणाच्या नावावरून कोणाच्या नावावर गेली. आज आपण सातबारा, आठ-अ आणि फेरफार म्हणतो ते याच वंशावळीतले.

तिसरी, न्यायदान. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मामलेदार हा लहानसा न्यायाधीशही होता आणि आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चा, आणि तो अजून चालू आहे. शेताचा वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला, पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवला, तर शेतकरी त्याच्या कलम ५ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावतो. आमच्याकडे बांधावरचं भांडण तापलं की "मामलेदार कोर्टात बघतो तुला" असं म्हणतात ते यामुळेच. या दाव्यांच्या फायली म्हणजे कुठला ओढा कधी वळला, कुठली पायवाट किती जुनी, याच्या साक्षी आहेत. भूगोल, जलविज्ञान, समाजशास्त्र यांपैकी काहीही करत असाल तरी हे सोनं आहे.

चौथी, आवारातलं पर्जन्यमापक. तालुक्याचा पाऊस म्हणजे अनेक वर्षं, अनेक ठिकाणी, कचेरीच्या आवारातल्या त्या एका नळकांड्यात पडलेला पाऊस. सकाळी साडेआठला मोजायचा, वहीत लिहायचा.

हे चारही लक्षात ठेवा. कारण कागद आपोआप तयार होत नाही. कुठल्यातरी कचेरीला कुठल्यातरी कामासाठी तो लागतो म्हणून तयार होतो. सारा वसूल करायचा होता म्हणून पिकाचा अंदाज लिहिला गेला. त्या अंदाजात तुम्हाला उपासमार शोधायची असेल, तर आधी हे ध्यानात घ्या की लिहिणाऱ्याला उपासमार मोजायची नव्हती, सारा मोजायचा होता.

गोष्टीचे तुकडे करू या

आता आजीच्या प्रश्नाकडे. "हे खरं आहे का?" यातलं "हे" म्हणजे एक गोष्ट नाही. त्यात निदान तीन दावे एकमेकांत गुंफलेले आहेत.

एक: १८७०-७१ मध्ये बागलाणात दुष्काळ होता.
दोन: मामलेदारांनी सरकारी खजिन्यातून लोकांना पैसे वाटले.
तीन: तपासणीच्या वेळी खजिना चमत्काराने भरलेला निघाला.

तिन्हींना लागणारा पुरावा वेगळा आहे. एक खरं ठरलं म्हणून दोन खरं ठरत नाही, आणि तीनवर शंका आहे म्हणून दोन खोटं ठरत नाही. हे साधं वाक्य आहे, पण अर्धे वाद हे न कळल्यामुळे होतात. श्रद्धाळू माणूस पहिल्या दाव्याचा पुरावा तिसऱ्यासाठी वापरतो. शहाणा म्हणवणारा माणूस तिसऱ्यावर हसून पहिले दोनही कचऱ्यात टाकतो. दोघांनीही तुकडे केलेले नसतात.

पहिला दावा: पाऊस

हा माझ्या क्षेत्रातला, म्हणून इथे जरा रमते.

भारतीय हवामान विभाग स्थापन झाला १८७५ मध्ये. अखिल भारतीय मोसमी पावसाची जी प्रसिद्ध मालिका पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत तयार झाली, ती १८७१ पासून सुरू होते. आपण सगळे जी जाळीच्या रूपातली दैनंदिन पावसाची माहिती उतरवून घेतो, पाव अंश बाय पाव अंशाची, ती १९०१ पासूनची. म्हणजे १८७० साल या प्रत्येक दाराच्या बाहेर उभं आहे. संगणकासमोर बसून हा दावा तपासता येत नाही.

आणि समजा देशाची सरासरी मिळाली, तरी काय उपयोग? बागलाणात पश्चिमेला साल्हेरकडे धो-धो पाऊस आणि पूर्वेला नामपूरकडे पर्जन्यछाया. एकाच तालुक्यात दोन हवामानं. देशात पाऊस चांगला असताना एक तालुका करपू शकतो. हवामान विभागाच्या एका प्रकारच्या पर्जन्यमापकाच्या तोंडाचं क्षेत्रफळ २०० चौरस सेंटीमीटर असतं. त्यात एक मिलिमीटर पाऊस म्हणजे फक्त २० मिलिलिटर पाणी, चहाच्या कपाचा तळ! त्यावरून आपण शेकडो चौरस किलोमीटरबद्दल बोलतो.

मग करायचं काय? पावसाचा आकडा नसेल तर पावसाच्या खुणा शोधायच्या. साऱ्याची सूट किंवा तहकुबी किती गावांना दिली? जमाबंदीच्या वार्षिक अहवालात त्या वर्षाबद्दल काय लिहिलंय? धान्याचा बाजारभाव किती चढला? तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर दावा पक्का होतो. एकच खूण असेल तर थांबायचं. सूट इतर कारणांनीही मिळते, भाव दुसऱ्या मुलखातल्या दुष्काळानेही चढतो.

आणखी एक सावधानी. लोकांच्या आठवणीत दुष्काळ एकमेकांत मिसळतात. १८७६-७८ चा आणि १८९९-१९०० चा हे फार मोठे दुष्काळ. लहान दुष्काळाची गोष्ट मोठ्या दुष्काळाच्या तारखेला जाऊन चिकटते, किंवा मोठ्याची वर्णनं लहानाला लागतात. म्हणून "दुष्काळ होता" एवढ्यावर समाधान नको. कुठला, कधी, कोणत्या गावांत, हे हवं.

मधेच माझी फजिती

इथे माझी स्वतःची चूक सांगायलाच हवी. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मी एका तालुक्याची पावसाची मालिका घेतली होती. तालुक्याचं नाव सांगत नाही, बागलाण नव्हे एवढं सांगते. एका ठराविक वर्षापासून पाऊस अचानक खाली. मी आनंदाने लिहिलं, "हवामान बदलाचे स्पष्ट संकेत." सरांनी वाचलं आणि एकच विचारलं, "मापक कुठे होतं?"

मला प्रश्नच कळला नाही. आकडे तर सरकारी होते!

शेवटी तिथे गेले. दोन दिवस कोणालाच काही सांगता येईना. मग एक निवृत्त शिपाई भेटले, सगळे त्यांना तात्या म्हणत. ते म्हणाले, "ताई, ते पूर्वी मोकळ्यात होतं, झेंड्यापाशी. नवी इमारत झाली तेव्हा भिंतीजवळ नेलं. वर लिंब बी होता." झालं! शेजारच्या अडथळ्याची जेवढी उंची, तिच्या किमान दुप्पट अंतरावर मापक असावं असा नियम. भिंत आणि कडुनिंब यांच्या आडोशाला ठेवलेल्या मापकात पाऊस कमीच पडणार. तालुक्यातला पाऊस बदलला नव्हता, नळकांड्याची जागा बदलली होती. आणि मी त्यावर हवामान बदलाचा इमला बांधला होता.

हे घरबसल्या कसं पकडायचं? डबल मास कर्व्ह. पद्धत सोपी आहे. आडव्या अक्षावर शेजारच्या चार-पाच केंद्रांच्या सरासरी पावसाची वर्षागणिक चढती बेरीज, उभ्या अक्षावर तुमच्या केंद्राची चढती बेरीज. सगळं ठीक असेल तर रेघ साधारण सरळ येते, कारण ढग आले तर सगळ्यांवर येतात. एखाद्या वर्षी रेघेचा चढ मोडला आणि पुढे तसाच राहिला, तर समजा की पाऊस नव्हे, मोजणी बदलली. उदाहरणार्थ, समजा आधी चढ ०.८ होता आणि नंतर ०.६ झाला. तर नंतरच्या आकड्यांना ०.८ भागिले ०.६, म्हणजे सुमारे १.३३ ने गुणून मालिका जुन्या पातळीवर आणता येते. पण नुसता गुणाकार करून मोकळं व्हायचं नाही. चढ का मोडला याचं कारण सापडल्याशिवाय दुरुस्ती करणं म्हणजे आकड्यांना आपल्याला हवं ते बोलायला लावणं. माझ्यासाठी ते कारण तात्यांच्या आठवणीत होतं, कुठल्याही फायलीत नव्हतं.

आता महावेध प्रकल्पात महसूल मंडळनिहाय स्वयंचलित केंद्रं आली आहेत. छान आहे. पण जुनी कचेरीची मालिका आणि नवी स्वयंचलित मालिका जोडताना हाच प्रश्न पुन्हा विचारा: मापक कुठे आहे?

दुसरा दावा: पैसे

आता खजिना. इथे संशोधकाने एकच स्पष्टीकरण धरून बसायचं नसतं, प्रतिस्पर्धी स्पष्टीकरणं मांडायची असतात. मी तीन मांडते. ही निव्वळ गृहीतकं आहेत, निष्कर्ष नाहीत.

पहिलं: वाटलेले पैसे त्यांचे स्वतःचे होते. तसं असेल तर खजिन्याच्या हिशेबात काहीच दिसणार नाही आणि तिजोरी भरलेली असणं साहजिक आहे.

दुसरं: पैसे खजिन्यातलेच, पण तगाई म्हणून, म्हणजे शेतकऱ्याला सरकारी उसनवार म्हणून दिले. तसं असेल तर जावक नोंद असेल, कर्जदारांची यादी असेल आणि हिशेब जुळेल. तपासणीत "हिशेब जुळला" हे वाक्य लोकांच्या तोंडी जाताना "तिजोरी भरलेली निघाली" होऊ शकतं.

तिसरं: पैसे अधिकाराबाहेर वाटले आणि तपासणीआधी कोणीतरी, सावकारांनी किंवा गावकऱ्यांनी, भरपाई केली. तसं असेल तर आवकेत एकदम मोठी रक्कम दिसेल, शिवाय चौकशीचा पत्रव्यवहार असेल.

बघा, प्रत्येक गृहीतक वेगळा कागद मागतं. हेच हवं. ज्या गृहीतकाने कागदात काहीच फरक पडत नाही, ते तपासता येत नाही.

काळाचं भानही ठेवा. दुष्काळ आयोगाचा अहवाल १८८० चा, त्यानंतर दुष्काळ संहिता आली. शेतकरी कर्ज कायदा १८८४ चा. म्हणजे १८७०-७१ मध्ये मामलेदारापुढे "दुष्काळात हे करा" असं सांगणारी बांधीव नियमावली नव्हती. आजच्या नियमांनी त्या माणसाची कृती बेकायदा किंवा कायदेशीर ठरवणं म्हणजे नंतरचा कायदा मागे नेऊन लावणं.

कागद कुठे असतील? जिल्हाधिकारी आणि आयुक्तांचा पत्रव्यवहार मुंबई आणि पुण्याच्या पुराभिलेखागारांत. खालच्या पातळीवरचे बरेच जुने कागद मोडी लिपीत, तेव्हा मोडी शिका, तीन महिन्यांत वाचण्यापुरती येते. आणि कागद नसतील तर? सरकारी दप्तराची वर्गवारी असते. काही कागद कायम जपायचे, काही ठराविक वर्षांनी नष्ट करायचे. रोजकीर्दीसारखा कागद शंभर-दीडशे वर्षं टिकेलच असं नाही. म्हणून "कागद सापडला नाही" आणि "घटना घडली नाही" ही दोन वाक्यं एकमेकांच्या जागी कधीही वापरू नका. त्या प्रकारचे इतर वर्षांचे कागद जपलेत का, ते बघा. इतर सगळी वर्षं आहेत आणि नेमकं तेच नाही, तर ती शांतता बोलकी आहे. कुठलंच वर्ष नाही, तर ती शांतता मुकी आहे.

तिसरा दावा: चमत्कार

हा दावा कागदाने सिद्ध होत नाही आणि खोडताही येत नाही. भरलेली तिजोरी म्हणजे कागदावर फक्त जुळलेला हिशेब. मग संशोधकाला इथे काहीच काम नाही? आहे. गोष्टीचं काम आहे.

पंधराव्या शतकातल्या मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा तुम्हाला माहीतच आहे. दुष्काळात त्यांनी बिदरच्या बादशहाची कोठारं लोकांना उघडून दिली आणि विठ्ठलाने विठू महाराचं रूप घेऊन बादशहाला पैसे चुकते केले. सटाण्याच्या गोष्टीचा सांगाडा तोच: दुष्काळ, सरकारी कोठार, दयाळू अधिकारी, तक्रार, आणि देवाने भरलेलं कर्ज. यावरून "सटाण्याची गोष्ट उसनी आहे" असा निकाल द्यायचा मोह होतो. थांबा. साम्य हा नकलीचा पुरावा नाही. एक शक्यता अशी की खरी घटना घडली आणि लोकांनी ती आपल्याला आधीपासून येत असलेल्या साच्यात सांगितली. दुसरी अशी की यशवंतरावांनीच दामाजींची कथा ऐकलेली होती आणि त्यांनी तसं वागायचं ठरवलं. गोष्ट माणसाच्या मागून येते तशी पुढूनही चालते.

इथे विचारायचे प्रश्न वेगळे: गोष्ट पहिल्यांदा छापून कधी आली? रक्कम प्रत्येक आवृत्तीत तीच आहे की वाढत गेली? साहेब कुठल्या आवृत्तीत येतो? यशवंतरावांचा जन्म १८१५ चा, निधन १८८७ चं, नाशिकला. म्हणजे गोष्टीतल्या घटनेनंतर ते सोळा-सतरा वर्षं हयात होते. त्यांच्या हयातीतली आवृत्ती आणि नंतरची आवृत्ती यांत फरक आहे का? हे सगळं तपासता येतं.

आजीला काय सांगितलं

पुढच्या वर्षी मी पुन्हा यात्रेला गेले. आजीला रांगेतच सांगितलं की तुझ्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत. दुष्काळाचं शोधता येतं. पैशांचं शोधता येतं, कागद टिकले असतील तर. तिजोरीचं माझ्या हातात नाही.

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली की तिजोरी भरली की नाही यासाठी ती येतच नाही. तिच्या सासूच्या माहेरी त्या दुष्काळाची आठवण सांगत, म्हणून ती येते. साहेबाने दिलं, एवढंच तिला पुरतं.

म्हणजे आजीला दुसरा दावाच महत्त्वाचा वाटत होता, आणि मी वर्षभर तिसऱ्याची भीती बाळगून होते. मी तिला विचारलंच नव्हतं. शिवाय त्या एका वाक्यात मला एक नवा धागा मिळाला: कुठलं माहेर, कुठलं गाव? ते आता माझ्या वहीत आहे.

तर मित्रांनो, सिनॉप्सिस लिहायच्या आधी एक काम करा. तुमच्या तालुक्याची एक गोष्ट घ्या, प्रत्येक तालुक्याला एखादी असतेच. एका कागदावर चार रकाने आखा. दावा कोणता? खरा असेल तर कुठला कागद किंवा खूण असायला हवी? ती कुठल्या कचेरीने, कशासाठी तयार केली असेल? आणि काय सापडलं तर मी माझं मत बदलेन? चौथा रकाना रिकामा राहिला तर समजा, तुम्ही अजून प्रश्न विचारलेला नाही, उत्तर ठरवून आला आहात.

आणि कचेरीत गेलात की आधी तात्या शोधा. संगणकावर बसलेल्या माणसाला मालिका माहीत असते. मापक कुठे होतं ते तात्यांना माहीत असतं.

पुढच्या लेखात गहाळ नोंदी कशा भरायच्या आणि कधी भरायच्या नाहीत, ते बघू.